हळद प्यालेली मोटार

गोजरबाई : वाटीभर हळद होती इथं. आत्ता ठेवली होती म्या, ह्या खुंट्यापाशी. कुठं गेली?

उत्तमराव : कोनती हळद?

गोजरबाई : बैलाच्या खांद्याले लावाची हळद! उद्या पोळा, आज खांदेमळन. लोनी हाय हातात, अन् हळद नाई. कडूबाभाऊ, तुमी तरी खरं बोला.

कडूबा : वहिनी, गाडीनं पेली.

गोजरबाई : कोनं?

कडूबा : गाडीनं. रेडिएटर गळून राह्यला होता. पान्यात हळद टाकली की ते बराबर भोकात जाऊन बसते अन् गळती बंद. चिखलीचे सारे टरकवाले करतात. एकदम पक्का इलाज.

गोजरबाई : अन् बैलाच्या खांद्याचा इलाज?

उत्तमराव : नुसतं लोनी लाव नं. तेवढ्यावरून काय बैल रुसतात?

गोजरबाई : बैल कायचे रुसतात! चार पावसाळे झाले, मोत्या अन् हौश्या लिंबाखाली उभे राहून भिजून राह्यले, तरी रुसले नाई. अन् त्याइच्या गोठ्यात ही भवानी पाय पसरून बसली. तिले वरून ताडपत्री बी पाहिजे.

उत्तमराव : भवानी म्हनू नको तिले. जातिवंत गाडी हाय. दोन मानसाची, उघडी, शर्यतीत पळवाची इलायती गाडी. साऱ्या वऱ्हाडात हिच्यासारखी दुसरी दाखव मले! गोरा सायब हिच्यात बसून खामगाव ते अकोला...

गोजरबाई : गोरा सायब शहाना, सोडून गेला. तुमी माह्या माहेरची म्हैस देऊन घरात आनली. महाराष्ट्र झाला त्या सालची गोष्ट. म्हैस तिकडे दुसरबीडले जाऊन तीनदा व्याली. हिनं काय देल्लं आजवर?

कडूबा : आवाज चांगला देते, वहिनी.

गोजरबाई : तुमी तं बोलूच नका. विहिरीवरच्या इंजिनाचे मिस्तरी तुमी. मोटारीत काऊन हात घातला?

कडूबा : इंजिन ते इंजिन, वहिनी. एक पानी वढते, एक मानूस वढते. फरक काय?

गोजरबाई : फरक असा की हे मानूस वढत नाई. मानसालेच हिले वढा लागते.

उत्तमराव : चार वर्सांत काय काय केलं ते पाह्य नं. पत्रा ठोकून सरळ केला. चाकाच्या काड्या एकेक मोजून बसवल्या. पंख्याचा पट्टा पिठाच्या गिरनीचा, पन बसला का नाई? गादीत आपल्या शेतातला कापूस भरला. लाल रंग तीनदा देल्ला म्या, ह्या हातानं.

गोजरबाई : दिसला नं. एक पट्टा हौश्याच्या पाठीवर बी हाय. आता मुद्द्याचं बोला. उद्याची आठवन हाय?

उत्तमराव : हाय.

गोजरबाई : का मी करून देऊ? कडूबाभाऊ परगावचे, त्याइले बी कळू द्या.

कडूबा : काय झालं, भाऊ?

उत्तमराव : काई नाई बे. तो गुलाबराव पाटील चावडीवर म्हनला, 'उत्तमराव, तुही मोटार नाई, बैलगाडी हाय. बैलं जुंपल्याशिवाय एक पाऊल टाकत नाई.' सारे खिदळले. माह्यं टकुरं फिरलं. तसाच मारोतीपुढं गेलो, शेंदूर कपाळाले लावला अन् म्हनलं...

गोजरबाई : म्हनलं, 'पोळ्याच्या दिवशी ही गाडी बैलाशिवाय, आपल्या ताकदीनं, मारोतीच्या पारापाशी आनीन. नाई आली तं गुलाबराव, घेऊन जा अन् कोंबड्याचं खुराडं कर तिचं.' साऱ्या गावानं आईकलं. मले पान्यावर समजलं. घरधन्याची बातमी मले हमेशा पान्यावरच समजते.

कडूबा : भाऊ, एक इचारू का?

उत्तमराव : इचार.

कडूबा : उद्या गाडी चालू कशी करसान?

उत्तमराव : रोजच्यासारखी. मोत्या-हौश्याले म्होरं जुंपू, इथंच गोठ्यामागं वीस पावलं वढू, इंजिन लागलं की बैलं सोडून देऊ. मारोतीपाशी थोडेच बैल दिसतात? गोठ्यामागं कोन पाह्यते?

गोजरबाई : उद्या?

उत्तमराव : हाव, उद्या.

गोजरबाई : पोळ्याच्या दिवशी?

उत्तमराव : हाव नं. किती डाव सांगू?

गोजरबाई : पोळ्याच्या दिवशी तुमी बैलाच्या मानेवर जू ठेवसान?

कडूबा : भाऊ, बसा. इथं टायरवर बसा. पानी पेता का?

उत्तमराव : अव माय. पोळा हाय उद्या.

गोजरबाई : पन्नास वर्साचे झाले. पन्नास पोळे पाह्यले. शपथ घ्याले सालाचे बाकीचे सारे दिवस मोकळे होते, अन् ह्याइनं बराबर तोच धरला!

उत्तमराव : कडूबा, हँडल मारून?

कडूबा : हँडलनं मागल्या साली माह्यं मनगट उतरवलं. मंग तुमी रागानं ते हँडल नाल्यात फेकलं.

उत्तमराव : बॅटरी?

कडूबा : बॅटरी मेली. तिचं वर्सश्राद्ध बी झालं.

उत्तमराव : आजच चालू करतो अन् उद्यापर्यंत बंदच नाई करत!

कडूबा : उद्यापर्यंत हळदीचं सार होईल अन् इंजिनाची राख.

उत्तमराव : रेडा! रेड्याले पोळा नसते! रेडा जुंपला तं कोन नाव ठेवते?

गोजरबाई : जुंपा. गावात रेडा एकच हाय. गुलाबरावचा.

उत्तमराव : मंग पोट्टे बोलावू. धा पोट्टे लोटतील.

कडूबा : मी येतानी दोघा-तिघाले म्हनलं, उद्या गाडी पुसाले या. उद्या सारे शिंगं रंगवाले, झुली घालाले गुतले. अन् गुलाबरावनं सांगून ठेवलं, जो त्या गाडीले हात लावीन, त्याले माह्या मळ्यात काम नाई. काऊन ते आता समजलं.

उत्तमराव : संपलं म्हना. कडूबा, ती ताडपत्री टाक हिच्यावर. मले पाह्यवत नाई. रोज सकाळी डोळा उघडला की पहिले इथं येतो म्या. शेतात पीक कसं हाय ते मले गडी सांगतात, पन हिच्या कोनत्या नळीतून थेंब पडते ते मले झोपेत बी ठाऊक असते. लोक हासतात, हासू द्या. माह्या हातानं दुरुस्त झालेली ही एकच चीज हाय दुनियेत. अन् तिच्यात कोंबड्या बसतील.

गोजरबाई : झालं रडून?

उत्तमराव : तुले तं बरंच वाटत असन. गोठा मोकळा होईल.

गोजरबाई : गोठा मोकळा पाहिजेच मले. पन परवा त्याची बायको, मंजुळाबाई, पान्यावर भेटली. म्हने कशी, 'गोजरबाई, त्या गाडीत गादी हाय म्हनतात. मऊ जाग्यावर बसल्या तं आमच्या कोंबड्या अंडे मोठे देतील.' साऱ्या बाया हासल्या.

उत्तमराव : मंग तू काय म्हनली?

गोजरबाई : काय म्हननार? घागर उचलली अन् आली. पन तवापासून घास गोड लागून नाई राह्यला मले. माही म्हैस गेली ह्या गाडीपाई. पयल्या वेताची, काळीभोर, हाक मारली की येत होती. तिच्या बदल्यात आलेल्या गाडीत मंजुळाबाईच्या कोंबड्या? जीव गेला तरी नाई!

उत्तमराव : पन लोटते कोन?

गोजरबाई : पोळ्याले बैलाले सुट्टी असते. बायकाले कोनी देल्ली आजवर?

कडूबा : म्हंजे?

गोजरबाई : म्हंजे तानाबाई, जनकाबाई अन् आमच्या आळीच्या बाया. गुलाबराव गड्याले कामावरून काढू शकते. आमाले कायावरून काढीन? कडूबाभाऊ, उद्या जेवाले इथंच या. अन् आता कोनाच्या तरी घरून हळद आना मले.

(दुसऱ्या दिवशी, पोळ्याची दुपार. गोठ्यापासून वेशीपर्यंत रस्ता सपाट, वेशीपासून मारोतीपर्यंत उतार. मारोतीपुढे आंब्याच्या पानांचे तोरण बांधले आहे आणि तोरणाअलीकडे गावचे बैल रांगेत उभे आहेत. गोठ्यामागे मोटार.)

उत्तमराव : सातच बाया?

गोजरबाई : आठ धरा. तानाबाई एकटी दोघीइची हाय.

कडूबा : भाऊ, इस्टेरिंगच्या चाकावर बसा. दुसरा गेर टाका. कलच दाबून ठेवा. मी अन् बाया मागून लोटतो. मी 'सोडा' म्हनलं की सोडा. इंजिन लागलं की मी मागच्या जादा टायरवर उडी मारून बसतो.

उत्तमराव : अन् बाटली कोन धरते?

कडूबा : बाटली... हाव रे. बाटलीचं राह्यलंच.

गोजरबाई : कायची बाटली?

कडूबा : पेट्रोलची, वहिनी. पंप बिघडला हाय. म्हनून बाटलीत पेट्रोल, बाटलीले नळी, अन् नळी इंजिनात. बाटली उंच धरली की गाडी चालते. खाली घेतली की थोड्या वेळानं बंद पडते. रोज मीच बाजूले बसून धरतो. आज मले लोटा लागते. तवा तुमी बसा.

गोजरबाई : मी?

उत्तमराव : ती?

कडूबा : दुसरं कोन हाय?

गोजरबाई : सरका तिकडे. हे दार कसं उघडते?

उत्तमराव : उघडत नाई. वरून पाय टाका लागते.

गोजरबाई : लुगडं नेसून वरून पाय टाकू? कडूबाभाऊ, तिकडे तोंड करा. तानाबाई, हात दे वं... हं. बसली. आना ती बाटली.

उत्तमराव : नीट धर. दोन्ही हातानं.

गोजरबाई : घागर धरते मी डोक्यावर जलम झाला. बाटली काय सांगता मले? ... लय खाली बसा लागते हो हिच्यात. मानूस जमिनीवरूनच चालल्यावानी वाटते.

उत्तमराव : तशीच असते शर्यतीची गाडी.

गोजरबाई : मले काय ठाऊक? चार वर्सांत एक डाव तरी म्हनलं का, 'ये, बसून पाह्य'?

उत्तमराव : तू कधी म्हनली, बसते म्हनून?

गोजरबाई : म्हना लागते का? कडूबाभाऊ बसले, सुताराचा म्हातारा बसला, तुमचा भाचा बसला. दोन मानसाची गाडी. दुसरं मानूस कोन असते घरात?

उत्तमराव : चुकलं माह्यं. तू शिव्या देत होती तिले, मले वाटलं तुले आवडत नाई.

गोजरबाई : शिव्या मी तुमाले बी देते.

कडूबा : झालं का बोलून? बाया वाट पाहून राह्यल्या! हं, लोटा! जनकाबाई, पत्र्याले नका लोटू, पत्रा आत जाते! चाकाले हात लावा! लोटा!

गोजरबाई : चालली! अव माय, चालली!

उत्तमराव : चालली नाई, लोटून राह्यले.

कडूबा : जोरानं! तानाबाई, जोरानं! भाऊ, सोडा! कलच सोडा!

उत्तमराव : सोडला!

कडूबा : अजून! लोटा!... लागलं! इंजिन लागलं! थांबा, मले बसू द्या! भाऊ, थांबा!

उत्तमराव : थांबलो तं बंद पडीन बे! पळत ये!

कडूबा : आलो! बसलो! जमलं! चाला!

गोजरबाई : आवाज केवढा करते हो! दात वाजून राह्यले माहे.

उत्तमराव : आवाज नाई, गानं हाय ते! पाह्य, वेस आली! बैलाशिवाय वेस आली! गुलाबराव, कुठं हायस बे!

कडूबा : भाऊ, वेशीपासून उतार लागते. ब्रेक आठवनीत हाय नं?

उत्तमराव : हाय. दाबून राह्यलो.

कडूबा : मंग?

उत्तमराव : काईच नाई होऊन राह्यलं. कडूबा! तू तं म्हनला होता ब्रेक अर्धे हायेत!

कडूबा : अर्धे म्हंजे मागचे! ते सपाटीवर लागतात!

उत्तमराव : समोर बैलं हायेत, कडूबा! साऱ्या गावाचे बैलं!

कडूबा : वहिनी, बाटली खाली करा! बाटली खाली केली की इंजिन बंद पडीन, इंजिनानंच गाडी रोखीन! बाटली खाली!

उत्तमराव : खाली कर वं! आईकली का? खाली!

गोजरबाई : थांबा जरा!

उत्तमराव : कायचं थांबा? खाली कर!

गोजरबाई : मंजुळाबाई ओट्यावर उभी हाय! हे पाहा, डाव्या हाताले! तिच्यासमोर बंद पाडू का गाडी? मेली तरी नाई!

उत्तमराव : तू बाटली अजून वर काऊन धरून राह्यली?

गोजरबाई : म्हंजे दिसाले पाहिजे तिले! मंजुळाबाई! ओ मंजुळाबाई! कोंबड्या कशा हायेत?

कडूबा : पोंगा वाजवा, भाऊ! बैलाले बाजूले होऊ द्या!

उत्तमराव : वाजवला!

कडूबा : अरे बाप्पा! सारे बैलं उधळले! झुली पाहा कशा उडून राह्यल्या!

उत्तमराव : रस्ता मोकळा झाला! गुलाबरावची मानाची जोडी... गुलाबराव बी पळाला तिच्या मागं!

गोजरबाई : तोरन! अहो, तोरन बांधलं हाय समोर! मानाची जोडी जायच्या आधी त्याच्याखालून कोनी...

उत्तमराव : मुंडकं खाली घे!

कडूबा : भाऊ, मले दिसत नाई, तोंडावर पानं...

गोजरबाई : कडूबाभाऊ! अहो, कडूबाभाऊ पडले! तोरनासंगं गेले!

उत्तमराव : आता तरी बाटली खाली घे! पार आला! पार!

गोजरबाई : घेतली!

उत्तमराव : थांबली.

गोजरबाई : पाराले ठोकर बसली म्हनून थांबली.

उत्तमराव : पाराले ठोकली म्हंजे पारापाशी आली का नाई? बैलाशिवाय, आपल्या ताकदीनं! गोजर, आली वं गाडी! मारोतीराया, आली!

गोजरबाई : वरडू नका. देवाले दिसते. लागलं का कुठं तुमाले?

उत्तमराव : काई नाई. तुले?

गोजरबाई : मले काय होते? बाटली बी फुटली नाई. ते पाहा, कडूबाभाऊ येऊन राह्यले. चालून राह्यले म्हंजे बरे हायेत. पन गळ्यात काय हाय त्याइच्या?

कडूबा : तोरन.

उत्तमराव : साऱ्याच्या साऱ्या तोरनाचा हार घातला का बे?

कडूबा : काढून नाई राह्यलो. पुजारी म्हनले, मोडलं तं मोडलं, आता देवाच्या पायापाशीच काढा. पन भाऊ, मले कोपरापासून खांद्यापर्यंत खरचटलं. हळद हाय का घरी?

गोजरबाई : घरी लावते मी. पहिले सांगा, बैलं कुठं गेले? मोत्या-हौश्या कुठं हायेत? कोनाले लागलं तं नाई?

कडूबा : कोनाले काई नाई. उसात घुसले थोडे, ते आनून राह्यले लोक. मोत्या-हौश्या वाऱ्यासारखे पळाले अन् सरळ गोठ्यात जाऊन उभे राह्यले. तानाबाई सांगत आली. रिकामा गोठा दिसला, दोघंही आपापल्या जाग्यावर. हालवते तं हालत नाईत म्हने.

गोजरबाई : चार वर्सांनी गेले माहे लेकरं घरात.

उत्तमराव : गुलाबराव काय म्हनला? कोंबड्याचं बोलला का?

कडूबा : कोंबड्याचं नाव नाई काढलं. धोतर काट्यातून काढून राह्यले होते. लय तापले होते. म्हनले, 'मानाच्या जोडीआधी मोटारीनं तोरन मोडलं. पुढल्या पोळ्याले उत्तमरावनं आपली गाडी माह्या बैलाच्या मागं उभी करावी. मान म्हंजे मान.'

उत्तमराव : पुढल्या पोळ्याले? म्हंजे पुढल्या साली गाडी माह्यापाशीच हाय! आईकलं का वं? रांगेत जागा देल्ली त्यानं गाडीले! बैलाच्या मागं तं बैलाच्या मागं, उभी करीन म्या!

कडूबा : भाऊ, आज इथून हालवसान कशी? हळदीचं सारं पानी वाहून गेलं.

उत्तमराव : उद्या बैलं जुंपू अन् नेऊ घरी. गोठ्यात...

गोजरबाई : गोठ्यात बैलं हायेत.

उत्तमराव : हाव, पन...

गोजरबाई : पन नाई. ते आपल्या पायानं घरात गेले, आता त्याइले कोनी काढत नाई. गाडी वसरीत लावा.

उत्तमराव : वसरीत? वसरीत तं तुही खाट हाय, पाटा हाय, धान्याच्या कोठ्या हायेत.

गोजरबाई : खाट मागच्या खोलीत जाते. पाटा बाजूले सरकते. पायऱ्यावर फळ्या टाकल्या की चढन वर. काऊन हो, कडूबाभाऊ?

कडूबा : चढन. फळ्या जाड पाहिजे.

उत्तमराव : तू खरं सांगून राह्यली?

गोजरबाई : नजरेसमोर राहीन. तुमी बी, गाडी बी. कडूबाभाऊ, तुमी व्हा म्होरं. तोरन देवापाशी ठेवा अन् घरी जाऊन तानाबाईले सांगा, बैलाचं ताट करून ठेव, मी येतेच ओवाळाले. पुरन शिजवलेलं हाय. तुमी बी जेवाले थांबा.

कडूबा : बरं, वहिनी. बाटली देता का इकडे?

गोजरबाई : राहू द्या माह्यापाशी.

उत्तमराव : चाल मंग, उतर. हात दे. दार उघडत नाई, वरूनच पाय टाका लागीन.

गोजरबाई : थांबा. मंजुळाबाईचं पाहून होऊ द्या.

उत्तमराव : गेली वं ती घरात. सारे गेले बैलं धुंडाले. आता कोनी पाहून नाई राह्यलं.

गोजरबाई : मंग त्या चाकावरचा हात काढा अन् बसा जरा, उगंच.